फुटकीच्या डोळ्यांतली नीळ

पांढऱ्या धोतराला नीळ जास्त झाली म्हणजे ते उन्हात जसं दिसतं, तसे तिचे डोळे होते. बुबुळं चारचौघींसारखी काळीच. निळं होतं ते भोवतालचं पांढरं. सावलीत कळायचं नाही. उन्हात उभी राहिली की समोरचा माणूस बोलता बोलता थांबायचा आणि तिच्या डोळ्यांकडे पाहत राहायचा. ती थोडा वेळ पाहू द्यायची. मग म्हणायची, "पाह्यून झालं असन तं बोला आता पुढं."

गाव तिला फुटकी म्हणायचं. मीही म्हणायचो. आता खोटं कशाला सांगू. नाव तिचं चांगलं होतं, पण ते रेशनच्या कार्डावरच राहिलं. हाडं मोडायची तिची. पाण्याचा गुंड उचलला की मनगट, उंबऱ्याची ठेच लागली की पायाचं बोट, एकदा नुसती शिंकली तर बरगडी. घाटंजीच्या बाजारात एका बाईनं तोंडावर विचारलं, "त्या सुताराची फुटकी ते तूच काय वं?" तर ही हसली. म्हणाली, "हाव, मीच. फुटकी हाय बाई, पन गळत नाई. तुह्या तोंडावानी." ती बाई मिरच्या न घेताच गेली.

मी सुतार माणूस. शाळा चौथीपर्यंत. लग्न ठरवायला गेलो तेव्हा वखर-तिफणी करण्यात माझा हात चांगला बसला होता आणि अक्कल अजून यायची होती. त्यांच्या घरची पोरगी दाखवायची एक रीत होती, ती मला पुढं कळली. आतल्या खोलीत बसवायची, खिडकी लावून, दाराकडे पाठ करून. डोळ्यांत बोटबोट काजळ. आणि मागं एक मावशी, मान वर करू नको म्हणून पाठीत बोट लावून बसलेली. मला वाटलं पोरगी लाजाळू आहे. लाजाळू! ती!

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी आमच्या अंगणात हळद धुवायला बसली, काजळ वाहून गेलं आणि तिनं वर पाहिलं. मी म्हटलं, "हे काय वं, डोळ्यात काय गेलं तुह्या?"

"काही गेलं नाई. हे असंच हाय. माह्या बापाचे असेच, त्याच्या मायचे असेच. आमच्या घरी निळ्या डोळ्यायचे मोडतात, पांढऱ्या डोळ्यायचे नाई मोडत. मी सांगनार होती तुमाले, पन मले मान वर करू देल्ली नाई." मग पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "आता सांगतलं. वापस पाठवाची असन तं आजच पाठवा. उद्यापासून मले इथं करमन."

मी परत पाठवली नाही. त्यात मोठेपणा काही नव्हता. तिच्या माहेरची बैलबंडी सकाळीच निघून गेली होती.

मोडल्यावर ती ओरडायची नाही. दूध उतू गेल्याचं सांगावं तसं सांगायची. मी अंगणात वासल्यानं लाकूड तासत असलो की आतून आवाज यायचा, "अवो, वासला ठेवा खाली. मोडलं." मी आत जायचो तर ही भिंतीला टेकून बसलेली, मोडलेला हात दुसऱ्या हातात धरून, लेकरू धरावं तसा. हाडाचा आवाज तिला ओळखू यायचा. "कट्ट झालं का हाड. फस्स झालं तं नुसती शीर," म्हणायची, आणि कधी चुकली नाही. मी बांबूच्या कामट्या तासून गुळगुळीत करायचो, त्यात कापूस भरायचा, जुन्या धोतराच्या पट्ट्यांनी बांधायचं. मग सरकारी दवाखान्यात न्यायचं. तिथला कंपाउंडर म्हणाला होता, "बाप्पा, सुतारबुवा, तुमी बांधलेलं सोडाचंच जिवावर येते." मला तेवढंच बरं वाटायचं. तिच्या दुखण्यात मला माझं कसब दिसायचं. असा मी माणूस.

कापूस वेचण्यात मात्र तिचा हात कोणी धरू शकत नव्हतं. बोटं अशी चालायची की बोंडाला कळायचं नाही. ओटी भरली की बांधावर रिकामी करायची, पण गाठोड्याला हात लावायची नाही. "वेचाले मी, उचलाले तुमी," हे तिनं सगळ्या बायांना सांगून ठेवलं होतं, आणि बाया कुरकुर न करता उचलायच्या, कारण तिच्या जोडीची ओळ वेचायला घेतली की दिवस हसण्यात जायचा. तिशी ओलांडल्यावर तिचे कान गेले. तेही त्या निळ्या डोळ्यांच्या माणसांना होतं म्हणे. तिच्या बापाचंही तसंच झालं होतं. कान गेले तरी हसणं तसंच राहिलं. समोरच्याचे ओठ पाहून बोलायची, आणि नको ते बोलणं असलं की दुसरीकडे पाहायची.

माझ्या मायचं म्हणणं वेगळं होतं. तिला वाटायचं, बाई म्हणजे जमीन आणि पुरुषाचं बी. "जमीन खडकाळ असली तरी बी आपलं हाय. लेकरू आपल्यावानी होईन," असं ती छातीठोक सांगायची. मलाही ते पटलं होतं. मग आमची कुंदा झाली. न्हाऊमाखू झाल्यावर मायनं तिला दारात उन्हात नेलं, डोळे उघडून पाहिले आणि तशीच पाळण्यात ठेवली. फुटकी बाजेवरून पाहत होती. म्हणाली, "सहा महिने थांबा. साऱ्याच लेकराच्या डोळ्यात आंधी थोडी नीळ राह्यते. मंग उतरते." सहा महिने झाले, वर्ष झालं. कुंदाची उतरली नाही. चालायला लागली आणि उंबऱ्यावरून पडली, मांडीचं हाड गेलं. त्यानंतर माय तिच्याशी कधी नीट बोलली नाही. जमीनच खोटी निघाली म्हणायची. मी ऐकून घ्यायचो. एकदाही मायला गप्प बस म्हटलं नाही. पुढं लेकरू आम्ही होऊच दिलं नाही.

कुंदा लग्नाला आली ती कापसाची वाईट वर्षं होती. भाव नाही, पाऊस नाही, बियाणं भलतंच महाग. रोज कुठून ना कुठून कोणी शेतकरी फास घेऊन गेल्याची बातमी यायची. नवी तिफण कोण कशाला करून घेईल? मी आपला मोडक्या बंड्यांच्या चाकांवर दिवस काढत होतो. अशात बोरी अरबकडचं एक स्थळ आलं. मुलगा बरा, घर खाऊनपिऊन सुखी. मी ठरवलं, हे हातचं जाऊ द्यायचं नाही. जी रीत माझ्यावर वापरली होती तीच मी काढली. आतली खोली, लावलेली खिडकी, दाराकडे पाठ. काजळाची डबी मी स्वतः बाजारातून आणली.

फुटकी आदल्या दिवसापासून मला म्हणत होती, "असं नोका करू. तुमी तरी नोका करू." मी म्हटलं, "माह्यावर केलं तं मी मेलो काय?" ती माझ्या ओठांकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "तुमी नाई मेले. पन मी चाळीस दिवस भीत होती, का आज हाकलते का उद्या हाकलते. माह्या पोट्टीनं कायले भ्यावं?"

पाहुणे आले, पोहे झाले. कुंदा मान खाली घालून बसली. सगळं ठरल्यासारखं चाललं होतं. मुलाचा बाप तारखेचं बोलायला लागला, तेवढ्यात ही उठली. खिडकीचा अडसर काढला, पल्ला ढकलला, सगळं ऊन आत. कुंदाची हनुवटी धरून वर केली आणि पाहुण्यांना म्हणाली, "पाह्यून घ्या, बाबू. डोळे निळे हायेत. माहे पाह्या, असेच. आमची हाडं मोडतात. काम सारं येते तिले, फक्त वजन उचलू द्याचं नाई. आन् लेकरं झाले तं त्यायलेही होऊ शकते. हे पाह्यून घ्याचं असन तं घ्या."

पाहुणे उरलेला चहा तसाच ठेवून गेले.

मी अंगणात आलो. ती कपबश्या गोळा करून मोरीकडे चालली होती. मी म्हटलं, "थांब." तिला ऐकू आलं नाही. तिची पाठ होती, माझे ओठ तिला दिसत नव्हते. मी मागून गेलो, डावा हात दंडाला धरला आणि जोरानं ओढला.

कट्ट.

कपबश्या पडल्या. ती खाली बसली. हात दुसऱ्या हातात घेतला. वर पाहिलं आणि म्हणाली, "अवो, मोडलं." तोच आवाज, नेहमीचाच. वासला खाली ठेवा एवढंच म्हणायचं राहिलं. वासला माझ्या हातात नव्हताच.

कुंदा दारात उभी होती.

कामट्या मीच तासल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कुसळं राहिली. शेजारचा गणपत सकाळी चाक बसवायला बंडी ठेवून गेला होता, त्याचा बैल आमच्या कडुलिंबाला बांधला होता. दवाखान्यात कसं मोडलं म्हणून विचारलं तर फुटकी म्हणाली, "बैलानं ढकललं." मी बाजूलाच उभा. माझ्याकडे पाहिलंही नाही.

गणपत दुसऱ्या दिवशी पायलीभर तूर घेऊन आला, माफी मागायला. पाया पडला तिच्या. मी तूर घेतली. तो बैल म्हातारा, इतका गरीब की लेकरं शेपूट ओढायची, पण त्याचं नाव मारका पडलं. उन्हाळ्यात गणपतनं तो बाजारात मिळेल त्या भावात देऊन टाकला. बैल जाताना फुटकी आपला मोडका हात गळ्यात अडकवून दारात उभी होती. मला म्हणाली, "त्याले काही बोलता आलं नाई बिचाऱ्याले." तेवढंच. पुन्हा कधी तो विषय काढला नाही. पण त्या दिवसापासून मला जेवायला बोलवायची तर म्हणायची, "या जी बैल, गव्हान भरली." लोकांना वाटायचं नवराबायकोची गंमत. होतीही गंमत. मला तो घास जायचा नाही, आणि ती पाहायची की जातो का.

त्याच सालात गावात डॉक्टरांचं शिबिर आलं. त्या दिवसांत आमच्या भागात सगळेच विचारायला यायचे, कोणी जमिनीचं, कोणी मेलेल्यांचं. ही डॉक्टरीण मात्र हाडांचं विचारायला लागली. मोठ्या दवाखान्यातली, तरुण, अंगणात चटईवर बसलेली. फुटकीचे डोळे पाहून तिनं दुसरं सगळं काम सोडलं. एक मोठा कागद काढला. बाईचं गोल, पुरुषाचा चौकोन. ज्याला आजार त्याचं काळं करायचं, नाही त्याचं कोरं ठेवायचं. फुटकीची आजी काळी, बाप काळा, एक काका काळा, दुसरा कोरा. तिचं गोल काळं. माझा चौकोन कोरा. आमच्या दोघांत एक आडवी रेघ, तिच्याखाली कुंदा, काळी.

डॉक्टरीण म्हणाली, "हे आईकडूनही येतं आणि वडिलांकडूनही. ज्याला आहे त्याच्या प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता असते. यात कुणाचाही दोष नाही."

फुटकीनं कानाला हात लावला. "मले ऐकू येत नाई. जरा जोऱ्यानं सांगा."

डॉक्टरीण मोठ्यानं म्हणाली, कुणाचा दोष नाही.

"आनखी जोऱ्यानं, बाई."

डॉक्टरीण ओरडलीच. गल्लीतल्या बाया दारात आल्या. अंगणातल्या सपरीत माझी म्हातारी माय बसली होती, तिनं तोंड फिरवलं. फुटकीनं डॉक्टरणीचे ओठ पहिल्याच खेपेला नीट वाचले होते, हे मला ठाऊक होतं. वीस वर्षं ती त्या एका वाक्याची वाट पाहत होती, ते तिनं साऱ्या गल्लीला ऐकवून घेतलं.

मी मधेच म्हटलं, "निम्मी म्हनता न? मंग कुंदाले झालं तं दुसरं लेकरू चांगलंच झालं असतं."

डॉक्टरीण समजावायला लागली, पण त्याआधी फुटकीनंच सांगितलं. "नाई जी. माह्या ओटीत दोनच बिया. एक चांगली, एक किडकी. न पाह्यता हात घालाचा, जे येईन ते लेकराले. दुसऱ्या वेळी पुन्हा त्याच दोन. ओटीले आठवन राह्यत नाई, का मांगच्या वेळी काय देल्लं."

डॉक्टरीण तिच्याकडे पाहत राहिली. म्हणाली, "हे मी आता सगळीकडे असंच सांगणार." मग मोडल्याची यादी लिहायला घेतली. कुठलं हाड, केव्हा, कशानं. गुंड. उंबरा. शिंक. यादी लांब झाली. शेवटी डावा दंड आला. हात तेव्हा गळ्यातून काढला होता, पण वाकडाच जुळला होता.

"हे कशानं?"

"बैलानं," फुटकी म्हणाली. डॉक्टरणीनं लिहून घेतलं. मी चाकाचा आरा तासत होतो, तासतच राहिलो.

कुंदाचं लग्न दोन वर्षांनी झालं. उमरखेडचा मुलगा, कापडाच्या दुकानात कामाला. त्याच्या मायपुढं फुटकीनं तेच सगळं सांगितलं, या वेळी खिडकी आधीपासून उघडी. ती विधवा बाई शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "माह्या नवऱ्याच्या घरी सारे दम्यानं गेले. मी तुमाले हे सांगनार नव्हती. आता सांगतो. कोनाचं घर कोरं राह्यते, इहीनबाई?" दोघी हसल्या आणि बसूनच राहिल्या, संध्याकाळची गाडी चुकेपर्यंत.

कुंदा लेकराला भीत होती. पाच-सहा वर्षं नको म्हणाली. फुटकीनं कधी आग्रह केला नाही. एकदाच मी ऐकलं, ती कुंदाच्या डोक्याला तेल लावत होती. म्हणाली, "तुले पाह्याचं ते तू पाह्य. पन येवढं ठेव मनात, तुह्ये डोळे म्या सहा महिन्यानं पाह्यले, नीळ उतरली नाई, तरी त्या दिवशी म्या तुले खाली नाई ठेवलं. दिवसभर नाई ठेवलं."

ती गेली त्याला आता दीड वर्ष होतं. अंगणात तुळशीपाशी पाय घसरला. खुब्याचं हाड. यावेळी 'मोडलं' म्हणाली, पण वासला ठेवा म्हणाली नाही. मी वासला धरणं केव्हाच सोडलं होतं. यवतमाळच्या दवाखान्यात महिनाभर पडून राहिली, मग छाती भरली. शेवटच्या दुपारी कुंदा पायाशी आणि मी उशाशी. डोळे उघडले. दम लागत होता. कुंदाला विचारलं, "बैल जेवला काय?"

नर्स म्हणाली, भ्रम झालाय, तुमच्या घरी बैल आहेत का? कुंदा माझ्याकडे पाहत होती. मी म्हटलं, "जेवला." ओठ नीट हलवून म्हटलं, तिला दिसावं म्हणून. तिला दिसलं.

आता कुंदाला सातवा महिना आहे. मागच्या आठवड्यात तिला घेऊन त्याच डॉक्टरणीकडे गेलो. आता तिच्या केसांत पांढरे आलेत. तिनं तो कागद जपून ठेवला होता. कुंदाच्या खाली एक लहान तिरपी चौकट काढली, होणाऱ्या लेकराची, रिकामी. मग फुटकीच्या गोलावर तिरकी रेघ मारली. माणूस गेलं की अशी मारतात म्हणे. नंतर मोडल्याची यादी पुन्हा वाचून घेतली. लेकरापुढं काय येऊ शकतं त्याचा अंदाज बांधायला तिला ती बरोबर पाहिजे होती. गुंड, उंबरा, शिंक, डावा दंड, बैल.

मी म्हटलं, "बैल नव्हता."

तिनं यादीवरून मान वर केली.

"तो हात म्या मोडला. बाकीचे तिच्या बापाकडून आले. हे एक माह्याकडून."

कुंदाचा हात पोटावर होता, तो तिनं काढून माझ्या गुडघ्यावर ठेवला. तिला माहीतच होतं. इतकी वर्षं दोघी मायलेकींनी माझं तेवढं झाकून ठेवलं होतं.

डॉक्टरणीनं पेन उचललं आणि यादीतलं ते एक हाड खोडलं. म्हणाली, "मग हे आजारात धरायचं नाही."

मी कागद माझ्याकडे ओढला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा नीट पाहिला. तिचं गोल काळं. कुंदाचं काळं. त्यांच्या शेजारी माझा चौकोन, स्वच्छ, निर्दोष माणसाचा असावा तसा. मी म्हटलं, "मंग हे काळं करा."

तिनं पेनाला टोपण लावलं. मग हळूच म्हणाली, "आजोबा, हा कागद फक्त हाडांचा आहे."

म्हणून हे वेगळ्या कागदावर लिहिलं. गणपतनंही वाचावं.